सकूबाईचें नांव कोठें गेलें ?

पुण्याचा जोशी-अभ्यंकर खून खटला ऐकून माहीत नाहीं असें घर आपल्याकडेही विरळा. परंतु त्यांत मेलीं कोण, हें विचारलें तर बहुतेक जण गप्प बसतात. म्हणून तो हिशेब एकदां मांडूं.

राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप व मुनव्वर शहा हे चौघे पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. जक्कल त्यांचा म्होरक्या. चित्रकला शिकावयास आलेल्या या पोरांस दारूची व चैनीची चटक लागली. पैसा हवा, पण घाम नको. १६ जानेवारी १९७६ रोजीं त्यांनीं प्रकाश हेगडे या आपल्याच सोबत्याचा गळा आवळला, बापाकडून पैसे उकळण्यासाठीं. ३१ ऑक्टोबरला जोशी कुटुंबांतील तिघांस, १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावर अभ्यंकरांच्या बंगल्यांत पांच जणांस आणि २३ मार्च १९७७ रोजीं अनिल गोखले यास मारिलें. एकूण जीव दहा. त्या दिवसांत पुण्याचीं दारें दिवेलागणीलाच बंद होत. १९७८ सालीं सत्र न्यायालयानें फांशी सुनावली, वरच्या दोन्ही न्यायालयांनीं ती कायम केली, आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजीं येरवड्यास चौघे फांशी गेले.

आतां त्या बंगल्यांतलीं पांच माणसें मोजा. वयोवृद्ध संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री, त्यांच्या पत्नी, नात व नातू, हीं चार. पांचवी सकूबाई वाघ, साठीची मोलकरीण. घर तिचें नव्हे, पैका तिचा नव्हे. मरण मात्र तिच्याही वांट्यास आलें. मारेकऱ्यांनीं धनी-चाकर असा भेद केला नाहीं. तो मागाहून जगानें केला. खटल्यास नांव दोन घरांचें पडलें. मारेकऱ्यांच्या करणीवर सिनेमा निघाला, त्यांतल्या एकाचें आत्मवृत्त पुस्तकरूपानें छापलें गेलें. जक्कलचें नांव पोरासोरांच्या तोंडीं आहे. सकूबाईचें कोणाच्या ?

कोणी म्हणेल, हेगडे व गोखले यांचींही नांवें खटल्याच्या नांवांत नाहींत. खरें आहे. जोशी-अभ्यंकरांचें दुःखही आम्ही उणें लेखीत नाहीं. पण हकीकत सांगतांना त्या दोघांचीं नांवें तरी घेतलीं जातात. सकूबाई मात्र ‘आणि एक मोलकरीण’ एवढ्यावर संपते.

आमच्या म्हसवडकडचीं माणसें दुष्काळांत पोटासाठीं पुण्यामुंबईस जातात. बायका परक्यांच्या घरीं भांडीं घासतात, म्हातारीं सांभाळतात. त्या घरावर आलेलें संकट त्यांच्यावरही येतें. मग त्या घराच्या आठवणींत त्यांना जागा कां नसावी? कायद्याला पंडिताचा खून आणि मोलकरणीचा खून सारखाच. आपल्या बोलण्यांतही तो तसाच असावा.

फांशीनें गुन्हेगारांचा हिशेब मिटला. मेलेल्यांची ओळख ठेवणें हें आपलें काम आहे. चावडीवर कोणी ही हकीकत चवीनें सांगूं लागला, तर त्यास एवढेंच विचारा : त्या बंगल्यांत पांचवें माणूस कोण होतें ? त्यास सांगतां न आल्यास तुम्ही नांव सांगा.

— एक शिक्षक, म्हसवड