बसतंय ना, मग झालं!

दर पावसाळ्यात हे होतं. जूनचे पहिले दोन पाऊस पडले की ऑफिसच्या पार्किंगमधल्या थार आणि जिम्नी एकेक करून नवी चाकं घालून यायला लागतात. काळी कुळकुळीत, रुंद, मडगार्डच्या बाहेर डोकावणारी. शनिवारी पहाटे ताम्हिणी, मग फोटो, सोमवारी कँटीनमध्ये चर्चा. चर्चा कसली, तर रंग, डिझाइन, किंमत आणि "कुणाकडून घेतलीस?". नट किती टॉर्कने आवळले हे विचारणारा माणूस मला अजून भेटायचाय.

माझं भांडण हौसेशी नाही. स्वतःच्या पैशाने घ्या की रिम, सोनेरी घ्या नाहीतर जांभळे घ्या. भांडण आहे ते "बसतंय ना, मग झालं" या वाक्याशी. टायरवाला ते म्हणतो, ठीक आहे, त्याला पुढचं गिऱ्हाईक घ्यायचंय. पण एरवी प्रॉडक्शनमधली एक ओळ बदलायला तीन जणांचा रिव्ह्यू मागणारे आपण लोक तिथे मान डोलावतो आणि कार्ड पुढे करतो! कंपाइल झालं म्हणजे चाललं, असं ऑफिसात कुणी म्हणून दाखवावं.

मुळात चाक गाडीला धरून कोण ठेवतं? बहुतेकांना वाटतं की खुंटीला सदरा अडकवावा तसं ते पाच स्टडवर लटकलेलं असतं. तसं नाहीये. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि रिमला हबवर दाबून धरतो. त्या दाबातून जे घर्षण तयार होतं, ते गाडीचं वजन, ब्रेक, खड्डे सगळं पेलतं. जिम्नीच्या नटाला १०० न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलाय. बारा मिलिमीटरच्या कोरड्या स्टडवर त्यातून साधारण चार टनांचा दाब येतो. एका नटाचा! पाचांचे मिळून वीस टन. हा दाब कमी पडला की रिम हबवर सूक्ष्म सरकायला लागतं, मग स्टड वाकतो, सरळ होतो, वाकतो, सरळ होतो... पेपर क्लिप अशीच मोडता ना तुम्ही?

बरं, मग जास्त आवळावं का? दुकानातला पोरगा तेच करतो. हवेच्या गनने कर्रर्र, आणि वर खात्रीसाठी पान्यावर उभा राहतो. गणित करा. सत्तर किलोचा माणूस, एक फुटाचा पाना, झाले दोनशेच्या वर न्यूटन-मीटर. सांगितल्याच्या दुप्पट. त्यात "गंजू नये म्हणून" आट्यांना ऑइल लावलं असेल तर घर्षण कमी होऊन तोच टॉर्क स्टडला आणखी ताणतो. स्टड एकदा मर्यादेबाहेर ताणला गेला की तो परत पहिल्यासारखा होत नाही. बाहेरून काहीही दिसत नाही, हीच तर पंचाईत.

आता "बसतं" या शब्दाकडे येऊ. जिम्नीचे पाच स्टड १३९.७ मिमीच्या वर्तुळावर आहेत, म्हणजे साडेपाच इंच. जुन्या जिप्सीचंही हेच माप, त्यामुळे बाजारात या मापाचे रिम भरपूर. पण भोकं जुळली म्हणजे रिम जुळला असं नाही. मधलं मोठं भोक हबच्या उंचवट्यावर नेमकं बसायला हवं. जिम्नीचा हब १०८ मिमीचा. रिम ११० चं असेल तर मध्ये रिंग हवी, किंवा गाडी जॅकवर असतानाच नट चांदणीच्या क्रमाने, थोडे थोडे आवळून चाक मधोमध आणायला हवं. माझ्या एका मित्राच्या गाडीचं स्टिअरिंग नव्या चाकांनंतर ऐंशीच्या वेगाला थरथरायला लागलं. ऐंशीला ते चाक सेकंदाला दहा फेऱ्या मारतं, मिलिमीटरभर बाजूला बसलेलं असलं तरी हाताला कळतं. दुकानदाराने दोनदा बॅलन्सिंग करून दिलं, दोनदा पैसे घेतले. तिसऱ्यांदा आम्ही घरी चाक उतरवलं. रिंग नव्हतीच. शिवाय हबवर गंजाचा थर तसाच ठेवून वर रिम चढवलेलं. तारेचा ब्रश मारायला किती वेळ लागतो हो? पाच मिनिटं.

आणि नट! जिम्नीच्या स्टडचे आटे १.२५ पिचचे आहेत. बाजारात बारा मिमीचे १.५ पिचचे नटही ढिगाने मिळतात, आणि गनच्या जोरावर ते चढतात सुद्धा, आटे खाऊन. म्हणून पहिले काही आटे हातानेच फिरवायचे. नट किमान स्टडच्या जाडीइतका आत जायला हवा. १.२५ च्या पिचला साधारण दहा फेरे. चार फेऱ्यांत अडकला तर तिथेच थांबायचं, भले दुकानदार काही म्हणो. नटाचं बूड आणि रिमची खोबण एकाच आकाराची हवी. निमुळत्या खोबणीत गोल बुडाचा नट घातला तर तो फक्त एका रेघेवर टेकतो. तुमचे चार टन त्या रेघेवर! स्वस्तातल्या स्पेसरबद्दल आणि "दुसऱ्या मापाची भोकं पाडून देतो" म्हणणाऱ्यांबद्दल मी लिहीतच नाही, माझं बीपी वाढतं.

राहिला ऑफसेट, म्हणजे तो बाहेर डोकावणारा रुबाब. जिम्नीचं मूळ रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट अधिक ५. त्या जागी सात इंची, उणे १० चं घातलं तर बाहेरची कड ३४ मिमी बाहेर जाते. दोन्ही बाजूंनी. बेअरिंगवरचा भार बाहेर सरकतो, खड्ड्यात स्टिअरिंग जास्त हिसका देतं. पण माझा खरा राग याच्यावर नाही, बेअरिंग तुमचं आहे. मडगार्डबाहेरचं टायर चिखल आणि खडी उडवतं ती मागच्या स्प्लेंडरवाल्याच्या तोंडावर. आणि वरंध्याच्या उतारावर चाक निघालं, तर गाडी एकवेळ कठड्याला टेकून थांबेल. चाक थांबत नाही. ते समोरून दूध घेऊन वर येणाऱ्या माणसाकडे जातं. त्याने तुमचे रिम पसंत केलेले नसतात.

मोठ्या टायरचंही तेच. १९५/८० च्या जागी २३५/७५ आर १५ घातलं की व्यास ६९३ वरून ७३३ मिमीवर जातो. काटा ऐंशी दाखवतो तेव्हा तुम्ही पंच्याऐंशीला टेकलेले असता. टायर कुठे घासतंय ते स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहायचं असतं, दुकानाच्या सपाट फरशीवर नव्हे. (कायद्याचं म्हणाल तर मूळ रचनेपासून वेगळे बदल चालणार नाहीत असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. रिमला ते कितपत लागतं यावर वकील भांडोत. अपघातानंतर विमा कंपनीशी भांडायची वेळ मात्र तुमच्यावर येईल.)

यावर ठरलेलं उत्तर येतं, "जिप्सीवाले वीस वर्षं हेच करतायत, काही झालं नाही." करतायत ना! त्यांच्याबरोबर एकदा जाऊन बघा. चहाला गाडी थांबली की जुना खेळाडू चहा सांगायच्या आधी पाना घेऊन चार चाकांभोवती फिरून येतो. नव्या रिमचा रंग दबतो, नट सैल पडतात, म्हणून पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासायचाच असतो, हे त्याला न सांगता ठाऊक असतं. आपण त्याच्या गाडीचा फोटो उचलला, सवय नाही उचलली. टॉर्क रेंच दोन-तीन हजारांत मिळतो. रिमवर लाखभर घालवणाऱ्याला हे जड जावं?

आणि हो, स्टेपनी. मागच्या दारावर बहुतेकांची जुनीच असते. नव्या रिमचे नट जुन्या रिमला चालतीलच असं नाही, आणि नव्या रिमच्या अरुंद खोबणीत कंपनीचा पाना शिरेलच असंही नाही. कंपनीचे पाच नट आणि पातळ भिंतीचा सॉकेट गाडीत टाकून ठेवा. एकदा घरी, दिवसाउजेडी, स्टेपनी चढवून बघा. धुक्यात, मोबाइलला रेंज नसताना हा प्रयोग करायला फारशी मजा येत नाही.