ओलावा देणे आणि ओलावा राखणे

त्वचेला लावावयाच्या मॉइश्चरायझरविषयी दोन मते आपल्याकडे रूढ आहेत, आणि परस्परविरोधी असूनही ती दोन्ही सारखीच निराधार आहेत. पहिला पक्ष जाहिरातदारांचा. त्याचा दावा असा की, ही द्रव्ये त्वचेत बाहेरून ओलावा भरतात व तिचे पोषण करतात. दुसरा पक्ष म्हणतो की, हा सारा श्रीमंतांचा षोक असून त्याने त्वचा नाहक परावलंबी मात्र होते.

पहिल्या पक्षाचे खंडन त्वचेची रचनाच करते. तिचा सर्वांत बाहेरचा थर बहुतेक ठिकाणी अवघा 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा व मृत पेशींचा आहे. मृताचे पोषण ते काय होणार? या पेशी विटांप्रमाणे रचलेल्या असून सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले हा त्यांच्यामधला चुना होय. कढत पाणी, तीव्र साबण व हिवाळ्यातील कोरडी हवा यांनी तो झिजला, म्हणजे शरीरातून वर येणारे पाणी अधिक वेगाने उडून जाते आणि त्वचा उलते. वाळून कडक झालेला हा थर तेलाने मऊ होत नाही, पाण्याने होतो, हे अर्विन ब्लँक यांनी 1952 साली प्रयोगाने दाखविले. मग तेलकट द्रव्यांचे प्रयोजन काय, असा आक्षेप कोणी घेईल, तर त्याचे उत्तर व्हॅसलीन देते. रॉबर्ट चीझब्रो यांनी 1872 साली पेटंट घेतलेल्या या पदार्थात पाणी मुळीच नाही. तरीही त्याने त्वचा मऊ होते, कारण आतले पाणी तो उडू देत नाही. ग्लिसरीन आणि यूरिया पाणी धरून ठेवतात, पण कोरड्या हवेत त्यांनाही अशा आवरणाची जोड लागते.

आता दुसरा पक्ष. ज्याची त्वचा निरोगी व मऊ आहे, त्याने काही न लावले तरी चालेल, हे मान्य. परंतु इसब झालेल्या बालकाला नित्य लेप लावल्याने विकाराची उचल लांबते व स्टेरॉइडच्या मलमाची गरज घटते. मधुमेह्याच्या टाचेची भेग जंतूंना वाट देते. आणि भेगाळलेल्या पायांत कोकमतेल भरणाऱ्या कोकणातल्या कष्टकऱ्याला षोकीन कोण म्हणेल?

म्हणून निर्णय असा की, मॉइश्चरायझर हे सौंदर्याचे दान नव्हे, जलरक्षणाचे साधन आहे. त्याची योग्यता किमतीवर वा सुगंधावर ठरत नाही. सुगंधी द्रव्ये तर पुष्कळांच्या त्वचेला बाधतात. वाचकांनी साधे, वासरहित मलम घ्यावे, आणि स्नानानंतर अंग किंचित ओले असतानाच ते लावावे.