प्रकल्प संपणार कधी, तेवढं सांगा

लातूरच्या एका एम.एस्सी. झालेल्या वाचक मुलीने या आठवड्यात मला एक जाहिरात पाठवली. सोडियम-आयन बॅटरीवरच्या सरकारी अनुदानाच्या प्रकल्पात ज्युनिअर रिसर्च फेलो (जेआरएफ) हवा आहे. तिच्याकडून काय काय हवं ते सगळं त्यात आहे: प्रथम श्रेणी, नेट किंवा गेट, वयाची अट, मूळ कागदपत्रं, मुलाखतीला सकाळी साडेनऊला हजर. प्रवासभत्ता मिळणार नाही. पद निव्वळ तात्पुरतं, प्रकल्प संपला की नेमणूक संपली. तो कधी संपणार, याचा उल्लेख नाही. पीएच.डी.ची नोंदणी होणार का, याचाही नाही. एवढ्या माहितीवर तिने रात्रभर एसटीने यायचं.

फेलोशिप रखडण्याबद्दल इथे पुष्कळ लिहून झालंय, ते पुन्हा उगाळत नाही. आज फक्त जाहिरात.

याच विषयातली नेदरलँड्सच्या एखाद्या विद्यापीठाची जाहिरात शेजारी ठेवून वाचा. तिथे पीएच.डी. करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. आधी साधारण वर्षभराचा करार, काम समाधानकारक असेल तर एकूण चार वर्षांपर्यंत, असं स्वच्छ लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षाचा पगार आणि शेवटच्या वर्षाचा पगार, दोन्ही आकड्यांत. शंका असेल तर कुणाला विचारायचं, त्याचं नाव. जर्मनीत टीव्ही-एल 13 ही वेतनश्रेणी छापतात आणि ती पूर्ण, दोनतृतीयांश की निम्मी, हेही सांगतात. निम्म्या पगारावर पूर्ण वेळ राबवणं वाईटच, पण निदान अर्ज करण्याआधी कळतं.

‘त्यांच्याकडे पैसा आहे’ हे उत्तर मला मान्य नाही. आपल्याकडेही रक्कम ठरलेली आहे: जानेवारी 2023 पासून जेआरएफला महिना 37 हजार, सीनियर रिसर्च फेलोला (एसआरएफ) 42 हजार, पोस्टडॉक करणाऱ्या रिसर्च असोसिएटला 58 ते 67 हजार, वर घरभाडं. प्रकल्पाची मुदत गाइडला ठाऊक असते. ती छापायला एक रुपया लागत नाही. उमेदवारालाही विचारण्याचा हक्क आहे, हेच आपण मानत नाही, म्हणून ती छापली जात नाही. अशा बॅटरीच्या प्रकल्पात कॅथोडची पावडर मनासारखी जमवण्यात आणि एक्सआरडी तपासणीसाठी नंबर लागण्याची वाट पाहण्यात पहिलं वर्ष सहज जातं. चौदा महिने उरलेल्या प्रकल्पावर नोंदणीशिवाय रुजू झालेल्या मुलीच्या हाती मग अनुभवाचं प्रमाणपत्र तेवढं उरतं.

माझा जुना आग्रह पुन्हा मांडतो: आपले आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, याची यादी प्रत्येक गाइडने जाहीर लावावी. ज्यांना ती लावायला संकोच वाटत नाही, त्यांच्याकडे मुलं वेळेत सुटतात, असं माझं ठाम मत आहे.

मुलांनो, तिकीट काढण्याआधी ईमेल करून तीन गोष्टी विचारा: किती महिने उरलेत, नोंदणी होईल का, याआधीचे दोघं कुठे गेले. आणि गाइड मंडळींना विनंती, पुढच्या जाहिरातीत मुदत आणि नोंदणी यांची एक ओळ वाढवा.