बेचाळीसचे चोवीस

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावात मूल शाळेत 'पंचवीस' म्हणते आणि बाजारात 'पच्चीस' ऐकते. दोन्ही भाषांत पाच आधी उच्चारतात, दोन आधी लिहितात. 'बेचाळीस' ऐकून २४ लिहिणाऱ्या मुलाला मठ्ठ ठरविण्यापूर्वी त्याने कानावर विश्वास ठेवला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'चाळीस दोन' असे संख्यावाचन सुचविण्यात आले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती. नवी त्यांच्या जोडीला दिली होती. तेलुगू, कन्नड बोलणारी मुले दशक आधीच उच्चारतात. तरीही मराठीवर घाला पडल्याचा गहजब झाला, विधिमंडळात आडनावावर कोट्या झाल्या, आणि मूल स्थानिक किमतीपाशी का अडते हा मूळ प्रश्न त्या हशात बुडाला.

अर्थात नुसत्या नावबदलाने भागेल, ही समजूतही भाबडीच. बेचाळीस म्हणजे दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. त्यातून सतरा काढायच्या तर एक गठ्ठा सोडावा लागतो. हे मुलाने स्वतःच्या हातांनी, पुन्हा पुन्हा, खात्री पटेपर्यंत केले पाहिजे. 'हातचा' तेव्हाच कळतो. कोणाला त्यासाठी चार दिवस लागतील, कोणाला चार आठवडे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ साली नेमके हेच मांडले: पुरेसा वेळ व मदत मिळाली तर बहुतेक सर्व मुले विषयावर प्रभुत्व मिळवू शकतात. आपली शाळा वेळ सर्वांना सारखा देते आणि मग गुणांतील तफावतीला बुद्धीचे नाव देते.

हा वेळ द्यायचा कोणी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एका शिक्षकापुढे एकाच वेळी दोन-तीन वर्ग. त्यात निवडणूक आणि जनगणनेची कामे त्याच कायद्याने मान्य केलेली. अशा वर्गात मागे राहिलेल्या मुलापाशी बसणार कोण? यावर शासनाने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. दुसरीत जे निसटले त्याची वसुली पाचवीत, तीही मुलाकडून!

या जिल्ह्यात विड्या वळणाऱ्या कुटुंबांना गणित न येण्याची किंमत रोख मोजावी लागते. मजुरी हजारावर ठरते; खराब म्हणून बाजूला टाकलेल्या विड्या वजा होतात. ती वजाबाकी कारखानदाराच्या माणसाला येते. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात हिशेबाचा आग्रह धरला होता, तो शोभेसाठी खचितच नव्हता.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश पालक असतात. तिथे खिचडी आणि छपराची चर्चा होते, ती व्हावीच. परंतु दुसरीतील किती मुलांना दशक सुटा करता येतो आणि न येणाऱ्यांसाठी कोणता तास राखला आहे, हेही कार्यकर्त्यांनी तिथे दर महिन्याला विचारावयास हवे.