लिंबू-मिरची ठीक, पण बोट माणसाकडे नको



मोबाईलवर सध्या नवीन खूळ आलंय. "नवशिक्यांसाठी जादू" शिकवणारे रील. पैशासाठी हिरवी मेणबत्ती, प्रेमासाठी गुलाबी. एक तारखेला दारात उभं राहून दालचिनीची पूड घरात फुंकायची. तमालपत्रावर इच्छा लिहून ते जाळायचं. पोरं हौसेने बघतात आणि घरचे काळजीत पडतात.

माझा साधा प्रश्न आहे. हिरवा रंग पैशाचा का? तर अमेरिकेत डॉलरची नोट हिरवी म्हणून. आपली शंभराची नोट जांभळट, दोनशेची पिवळी, पाचशेची करडी. मग सटाण्यात मेणबत्ती कुठल्या रंगाची लावायची? आपल्याकडे हिरवं म्हटलं की आधी चुडा आठवतो. म्हणजे रंगात ताकद नाही, अर्थ आपण घालतो. भाषेसारखंच आहे हे, गाव बदललं की शब्द बदलतो.

आपल्याकडे तर असा तक्ता केव्हापासूनचा आहे. सोमवार पांढरा, त्याला तांदूळ. गुरुवार पिवळा, त्याला हरभऱ्याची डाळ. शनिवार काळा, त्याला तेल, उडीद, लोखंड. दुकानावरची लिंबू-मिरची आणि बिब्बा, नव्या बांधकामावरची काळी बाहुली, ट्रकमागचा जोडा, सगळं त्याच वहीतलं.

जेम्स फ्रेझर नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने जगभरच्या जादूटोण्याची दोन सूत्रं मांडली. एक, सारख्या गोष्टीने सारखं घडतं, म्हणून बाहुलीला टाचण्या टोचायच्या. दोन, एकदा अंगाला लागलेली वस्तू कायम त्या माणसाशी जोडलेली राहते, म्हणून केस, नखं, पायाखालची माती. आपल्याकडच्या करणीवाल्या बुवाचं भांडवलही एवढंच.

दारावर लिंबू बांधून कुणाला धीर येत असेल तर माझं भांडण नाही. भांडण पुढच्या पायरीशी आहे.

आपल्या कसमादे पट्ट्यात डाळिंबाच्या बागा तेल्याने किती बसवल्या, ते वेगळं सांगायला नको. फळावर काळे, तेलकट डाग. आता तक्ता लावून बघा. काळं आलं, तेल आलं, वर बांधावर कुणी टाकलेलं लिंबू सापडलं. उत्तर तयार, करणी! प्रत्यक्षात तेल्या हा जिवाणूचा रोग आहे. पावसाच्या शिंतोड्यांतून, छाटणीच्या कात्रीतून आणि रोगट रोपांमधून तो पसरतो. पण करणी म्हटली की ती करणारा शोधावा लागतो. मग कुणाचं नाव येतं? वाटणीवरून बिनसलेल्या भावाचं, नाहीतर एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं. सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून मारझोड झाली, जीव गेले, त्याची सुरुवात अशाच बोट दाखवण्यातून होते.

20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ते ज्या कायद्यासाठी झगडले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. पूजा, वारी, कीर्तनाला त्यात बंदी नाही. पण अमक्याने करणी केली, मंत्राने जनावराचं दूध आटवलं, असं सांगून कुणाचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. गुराच्या दुधाचा उल्लेख कायद्यात करावा लागला, यावरून हा आजार किती खेड्यापाड्यातला आहे ते कळतं.

म्हणून भाऊ, ताई, एवढंच करा. बागेत डाग दिसला तर फळ घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याकडे जा. जनावर आटलं तर डॉक्टरला बोलवा. कुणी बुवा नाव घ्यायला लागला, तर तिथेच त्याला थांबवा आणि पोलीस ठाण्यात कळवा, या कायद्यासाठी दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे. आणि पोरांच्या हातातला मोबाईल हिसकावू नका. हिरवी मेणबत्ती दिसली की शेजारी शंभराची नोट ठेवा आणि विचारा, "आता सांग, रंग कुठला?"

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.