बुडत्या विमान कंपनीला सरकारी मदत : हिशेब कोणी मागायचा?

सरकारने धंदा करू नये, हा उपदेश 1991 सालापासून आपण ऐकत आलो आहोत. गाड्या चालविणे, पत्रे वाटणे, विमाने उडविणे ही कामे खाजगी मालक जास्त चांगली करतात, असे आपल्याला दर अर्थसंकल्पाच्या वेळी समजावून सांगितले जाते. परंतु हाच खाजगी मालक गोत्यात आला की तो पहिल्यांदा कोणाचे दार ठोठावतो? सरकारचे. नफा होता तेव्हा तो मालकाचा. तोटा आला की तो जनतेचा. ऑस्ट्रेलियातील रेक्स या विमान कंपनीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आपल्या देशातही हेच घडत असल्याने तो आपल्या सभासदांपुढे मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

ऑस्ट्रेलियात 2001 च्या सप्टेंबरमध्ये अँसेट ही मोठी विमान कंपनी कोसळली. सोळा हजारांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. त्यांची थकलेली देणी फेडता यावीत म्हणून तेथील सरकारने विमानाच्या प्रत्येक तिकिटावर 10 डॉलरचा कर बसविला. अँसेटच्या हेझल्टन आणि केंडेल या दोन उपकंपन्या छोट्या गावांना विमानसेवा देत असत. त्या एकत्र करून 2002 मध्ये रेक्स उभी राहिली. चौतीस आसनांची, पंख्याची साब विमाने घेऊन ही कंपनी डब्बो, वॅगा वॅगा, माउंट गॅम्बियर, किंग आयलंड, ब्रोकन हिल अशा ठिकाणी जात असे.

यांपैकी ब्रोकन हिल हे नाव कामगार चळवळीतील माणसाने लक्षात ठेवावे असे आहे. हे खाणकामगारांचे गाव. 1919-20 मध्ये तेथील कामगारांनी सुमारे दीड वर्ष संप करून आठवड्याला 35 तासांचे काम मिळविले. हे गाव सिडनीपासून रस्त्याने अकराशे किलोमीटरहून दूर आहे. मोठ्या इस्पितळात जायचे, तज्ज्ञ डॉक्टरला दाखवायचे, तर अशा गावातील माणसाला विमान ही चैन नसते. आपल्याकडच्या आडवळणाच्या स्टेशनावर थांबणारी पॅसेंजर गाडी जशी, तसेच ते विमान.

रेक्सच्या मालकांना मात्र एवढ्यावर समाधान नव्हते. 2021 मध्ये त्यांनी मोठी बोइंग विमाने भाड्याने घेतली आणि मेलबर्न-सिडनीसारख्या मोठ्या शहरांच्या मार्गावर बड्या कंपन्यांशी टक्कर घ्यायला सुरुवात केली. तो डाव अंगावर आला. 30 जुलै 2024 रोजी कंपनी प्रशासकांच्या हाती गेली, बोइंगची उड्डाणे थांबली आणि सुमारे 600 कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. मोठी विमाने आणण्याचा निर्णय त्या 600 जणांना विचारून झाला नव्हता. ब्रोकन हिलच्या प्रवाशालाही कोणी विचारले नव्हते. पण चिंता त्यांच्याच वाट्याला आली. हातात तिकीट आहे, पैसे भरले आहेत, पुढच्या महिन्यात इस्पितळाची तारीख आहे, आणि विमान उडेल की नाही ते कोणी सांगू शकत नाही!

या ठिकाणी तेथील सरकारने एक गोष्ट योग्य केली, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. छोट्या गावांच्या मार्गांवरील तिकिटांची हमी सरकारने स्वतः घेतली. नोव्हेंबर 2024 मध्ये, ही सेवा चालू राहावी म्हणून 8 कोटी डॉलरपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 440 कोटी रुपयांचे कर्ज मंजूर केले. कामावरून गेलेल्या कामगारांची कायदेशीर देणी लवकर मिळावीत अशीही तरतूद केली. जानेवारी 2025 मध्ये सरकारने कंपनीचे 5 कोटी डॉलरचे कर्ज धनकोकडून आपल्याकडे घेतले आणि फेब्रुवारीत जाहीर केले की, गिऱ्हाईक मिळाले नाही तर कंपनी सरकार विकत घेण्याच्या तयारीला लागेल. तेथील वाहतूक कामगारांच्या युनियनची मागणी होती की, सरकार पैसा घालणार असेल तर त्याने मालकीत हिस्साही घ्यावा.

पुढे काय झाले? 2025 च्या अखेरीस रेक्स अमेरिकेतील एअर टी या कंपनीच्या हवाली झाली. म्हणजे कठीण काळ सरकारने काढला, आणि गाडी रुळावर आल्यावर पुन्हा खाजगी हातात! जनतेच्या पैशाने कंपनी तगली, त्या जनतेचे मालकीत नाव नाही. पुढच्या मालकाने पुन्हा मोठा डाव खेळला तर ब्रोकन हिलच्या माणसाने पुन्हा सरकारचेच दार ठोठावायचे काय?

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे सरकारी मदत नाही असे नाही. उडान योजनेत छोट्या गावांना विमान नेणाऱ्या कंपनीला तीन वर्षे तूटभरपाई मिळते. त्यात राज्य सरकारचाही वाटा असतो. 27 एप्रिल 2017 रोजी या योजनेची पहिली उड्डाणे झाली. त्या दिवशी ज्या मार्गांना झेंडा दाखविला गेला त्यांत नांदेड-हैदराबाद हाही होता आणि त्यावर ट्रूजेट कंपनीचे विमान होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जळगावहून मुंबईला एअर डेक्कनचे विमान सुरू झाले. 2020 मध्ये एअर डेक्कन बंद पडली आणि 2022 च्या सुरुवातीला ट्रूजेटही थांबली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी ऑगस्ट 2023 मध्ये संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात लिहिले आहे की, पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी फक्त 112 मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि मार्च 2023 पर्यंत त्यांतले 54 तेवढे टिकले. मदतीची मुदत संपली की विमानही संपते, असा याचा अर्थ.

मोठ्या कंपन्यांची कथा वेगळी नाही. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 रोजी जमिनीवर आली. तिच्या कर्मचाऱ्यांना प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजी त्याच न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. गो फर्स्ट कंपनीला कोविडच्या काळात सरकारी हमीच्या योजनेतून कर्ज मिळाले होते. मे 2023 मध्ये तिची विमाने थांबली आणि जानेवारी 2025 मध्ये तीही मोडीत निघाली. येथे सरकारची हमी कोणाला होती, ते पाहा. कर्ज देणाऱ्या बँकेला होती. सुट्टीसाठी, लग्नासाठी, उपचारासाठी आगाऊ पैसे भरलेल्या प्रवाशाला नव्हती. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत कामगाराचे 24 महिन्यांचे येणे तारणावर कर्ज देणाऱ्याच्या बरोबरीने धरले आहे. पण कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' न ठरणारे कर्मचारी त्याच्याही खाली येतात, आणि प्रवासी त्याहून खाली. पंगत उठता उठता जो येतो, त्याच्या पानात काय पडणार?

आमचे काही सभासद विचारतात, "आपण कुठे विमानात बसतो? मग ही उठाठेव कशाला?" बंधूंनो, प्रश्न विमानाचा नाही. दूरच्या गावाला सेवा पोचवायला खर्च येतो आणि तो तिकिटातून निघत नाही, हे विमानाच्या बाबतीत सरकारला पटते. त्याला गोड नाव मिळते: तूटभरपाई. तीच गोष्ट रेल्वेच्या शाखा मार्गाबद्दल किंवा डोंगरातल्या टपाल कचेरीबद्दल निघाली की तिचे नाव होते 'तोटा', आणि मग पदे रद्द होतात. मार्च 2020 मध्ये ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत थांबली. ती परत द्या म्हटल्यावर रेल्वेवरील भाराचे आकडे वाचून दाखविण्यात आले. देशातील दीड लाखाहून अधिक टपाल कचेऱ्यांपैकी दहांतील नऊ ग्रामीण भागात आहेत. त्या नफ्यासाठी उघडल्या नव्हत्या. गाडी रद्द झाली तर आपल्या खिडकीवर प्रवाशाला पूर्ण पैसे परत मिळतात, कारण त्या खिडकीमागे सरकार उभे आहे. ही सार्वजनिक सेवेची किंमत आहे आणि तिचे मोल खाजगी कंपनी बुडते त्या दिवशी कळते.

म्हणून दूरच्या गावांची सेवा वाचविण्यासाठी सरकारी पैसा खर्च करण्यास आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच की, पैसा जनतेचा असेल तर अटीही जनतेच्या असाव्यात. पहिली अट : प्रवाशाने आगाऊ भरलेले भाडे वेगळ्या खात्यात राहावे आणि प्रवास होईपर्यंत कंपनीने त्याला हात लावू नये. दुसरी : पगार, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी ही सर्व कर्मचाऱ्यांची देणी, मग हुद्दा कोणताही असो, सावकाराच्या आधी फेडावीत. तिसरी : सरकार जेवढा पैसा घालील तेवढा मालकीचा हिस्सा आणि संचालक मंडळावर जागा घ्यावी, त्यांत एक जागा कामगारांच्या प्रतिनिधीची. चौथी : जो मार्ग खाजगी कंपनी सोडून देईल तो चालविण्यासाठी सार्वजनिक संस्था हाताशी असावी. एअर इंडिया जानेवारी 2022 मध्ये टाटांकडे गेल्यापासून हे साधन आपण आपल्या हाताने कमी केले आहे.

शाखांनी आपल्या पुढील सर्वसाधारण सभेत या चार अटींचा ठराव मांडावा आणि तो आपल्या भागातील खासदारांना समक्ष नेऊन द्यावा. विमानाच्या 'तूटभरपाई'ला मान्यता देणाऱ्या प्रत्येक खासदाराला विचारावे की, आमच्या शाखा मार्गाला आणि आमच्या टपाल कचेरीला हाच न्याय का नाही? उत्तर लेखी मागावे.