गाडीत एअरबॅग आली, पट्टा मात्र सीटखालीच

तीस-चाळीस वर्षांपूर्वी जीपवर हात बसवलेल्या ड्रायव्हरला विचारा. थंडीत डिझेल गाडी लवकर सुरू व्हायची नाही, घाटात स्टेअरिंग ओढून खांदे भरून यायचे. ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला की चाकं जाम आणि गाडी आडवी! आता पॉवर स्टेअरिंग आहे, एबीएस आहे. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, म्हणून ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते.

पण आमच्या मते सर्वात मोठी सुधारणा साधा सीट बेल्टच. आजचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा व्होल्व्होचे इंजिनिअर निल्स बोहलिन यांनी 1959 मध्ये आणला. एअरबॅग त्याच्या जोडीला असते, बदल्यात नाही. पट्टा नसेल तर माणूस पुढे फेकला जातो आणि जोरात उघडणाऱ्या एअरबॅगचाच मार बसू शकतो.

मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला, हा समज तर घातकच. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी महागडी होती, पण मागच्या सीटवर त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. वऱ्हाडात सात सीटच्या गाडीत अकरा जण कोंबले तर पट्टे पुरणार तरी कुठून?

त्यात बीप बंद करायची ती क्लिप. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना ती विक्रीतून काढायला लावली. तुमच्या गाडीत असेल तर आजच काढा.